परिचारिकांचे संख्याबळ, रुग्णसुरक्षा आणि उपचारखर्च : खानदेशच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रुग्णालय म्हटले की सर्वसामान्यपणे इमारत, खाटा, यंत्रसामग्री आणि डॉक्टर यांचाच विचार आपल्या मनात येतो. नव्या रुग्णालयाची घोषणा होते ती खाटांच्या संख्येने, आणि उद्घाटन होते ते इमारतीचे. प्रत्यक्षात दाखल झालेला रुग्ण दिवसभरात डॉक्टरांच्या सहवासात काही मिनिटेच असतो. उरलेला सर्व वेळ तो परिचारिकेच्या देखरेखीखाली असतो. ठरलेल्या वेळी औषध देणे, सलाईन बदलणे, नाडी, रक्तदाब व श्वसन मोजून नोंदविणे, जखमेची स्वच्छता राखणे आणि प्रकृतीत बिघाड दिसताच डॉक्टरांना बोलावणे ही कामे तिच्या हातून होत असतात. डॉक्टरांनी केलेला निर्णय रुग्णापर्यंत पोहोचविणारी व्यक्ती परिचारिकाच होय.

भारतात परिचारिकांची टंचाई नवी नाही. भोर समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात तत्कालीन भारतात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे साधारणतः ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नमूद केले होते. त्यानंतर परिस्थितीत पुष्कळ सुधारणा झाली. परंतु मंजूर पदे आणि भरलेली पदे यांतील अंतर आजही कायम आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेविषयीचा भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात सादर झाला. त्यात शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांची सुमारे ३५ टक्के पदे रिक्त असल्याचे निदर्शनास आणले आहे.

रिक्त पदांचा अर्थ महाविद्यालयीन प्राध्यापकांना वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही. पूर्णवेळ प्राध्यापकाची जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविले जाते तेव्हा वेळापत्रक भरलेले दिसते. परंतु काय राहून गेले हे केवळ शिकविणाऱ्यास आणि शिकणाऱ्यास ठाऊक असते. रुग्णालयातही असेच घडते. फरक इतकाच की तेथे जे राहून जाते त्याची भरपाई पुढील सत्रात करता येत नाही.

लेखाची उद्दिष्टे

१) परिचारिकांचे संख्याबळ कसे मोजले जाते हे स्पष्ट करणे.
२) संख्याबळ आणि रुग्णसुरक्षा यांतील संबंध समजून घेणे.
३) परिचारिकांच्या कमतरतेमुळे उपचाराचा खर्च खरोखरच कमी होतो काय, याची चर्चा करणे.
४) खानदेशातील परिस्थितीच्या संदर्भात काही व्यवहार्य उपाय सुचविणे.

प्रस्तुत लेख प्रकाशित अहवाल, शासकीय मानके, आंतरराष्ट्रीय संशोधन व वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेली माहिती या दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. विषयाची मांडणी प्रामुख्याने अर्थशास्त्राच्या दृष्टिकोनातून केलेली आहे.

संख्याबळाचे मापन

'एका परिचारिकेमागे किती रुग्ण' हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. तथापि यात एक गफलत नेहमी होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयातील सर्वसाधारण कक्षात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी. हे प्रमाण एकूण पदांचे आहे, एका पाळीचे नव्हे. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर एका पाळीत नऊ खाटांमागे एक परिचारिका येते. रजेच्या बदलीसाठी ३० टक्के पदे वेगळी असावीत, असेही परिषदेने सुचविले आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या कर्मचारी निरीक्षण पथकाचे मानक थोडे वेगळे आहे. त्यात सर्वसाधारण कक्षात सहा खाटांमागे एक, तर अतिदक्षता कक्षात एका खाटेमागे एक परिचारिका धरली आहे, आणि साप्ताहिक सुट्या व रजा यांसाठी ४५ टक्के अधिक पदांची तरतूद आहे.

रजेसाठी एवढी वाढीव पदे का लागतात, हे एका साध्या गणिताने समजून घेता येईल. वर्षाच्या ३६५ दिवसांत तीन पाळ्यांप्रमाणे १,०९५ पाळ्या होतात. एक परिचारिका वर्षभरात ५२ साप्ताहिक सुट्या, अर्जित व नैमित्तिक रजा आणि सार्वजनिक सुट्या वजा जाता साधारणतः २६० दिवस कामावर उपलब्ध असते. म्हणजे कक्षातील एकच जागा वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवावयाची झाल्यास १,०९५ भागिले २६०, अर्थात चारहून थोड्या अधिक परिचारिकांची गरज असते.

हेच गणित तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयास लावून पाहू. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालये ही केंद्राच्या परिभाषेतील सामुदायिक आरोग्य केंद्रे होत. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या सुधारित आवृत्तीत अशा ३० खाटांच्या केंद्रासाठी दहा परिचारिका सुचविल्या होत्या. दहा परिचारिका वर्षभरात २,६०० पाळ्या करू शकतात. म्हणजे प्रत्येक पाळीत सरासरी २.४. या दोन-अडीच परिचारिकांनीच पुरुष कक्ष, स्त्री कक्ष, प्रसूतिगृह, अपघात विभाग व शस्त्रक्रियेचा दिवस असल्यास शस्त्रक्रियागृह सांभाळावयाचे असते. तीन पदे रिक्त असतील तर हा आकडा १.७ वर येतो. उरलेल्या सातांपैकी एक प्रसूती रजेवर किंवा प्रतिनियुक्तीवर गेली की तो १.४ होतो. दिवसा बाह्यरुग्ण विभाग चालू असल्याने तेथे दोघींची नेमणूक करावीच लागते, आणि परिणामी रात्रपाळीत संपूर्ण रुग्णालयात एकच परिचारिका उरते.

यावरून असे दिसून येते की कागदावरील ३० टक्के रिक्त पदांचा भार सर्व पाळ्यांवर सारखा पडत नाही. तो मुख्यतः रात्रीवर पडतो, म्हणजे डॉक्टर व वरिष्ठ कर्मचारी कमीत कमी असतात त्याच वेळेवर.

रुग्णसुरक्षेशी असलेला संबंध

परिचारिकांची संख्या कमी झाली म्हणजे रुग्णाचे नेमके काय बिघडते, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास गेल्या पंचवीस वर्षांत मोठ्या प्रमाणावर झाला आहे. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, परिचारिकेकडे असलेल्या रुग्णसंख्येत एका रुग्णाची भर पडली की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच प्रमाण आढळले. त्याच अभ्यासात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढल्यास मृत्यूची शक्यता तितकीच घटते, असेही दिसून आले. जॅक नीडलमन यांच्या २०११ च्या अभ्यासाने निराळी पद्धत वापरली. त्यांनी एकाच रुग्णालयातील निरनिराळ्या पाळ्यांची तुलना केली, आणि अपुऱ्या संख्याबळाच्या पाळ्या रुग्णाच्या वाट्याला जितक्या अधिक आल्या तितका मृत्यूचा धोका वाढला, असे त्यांना आढळले.

या आकड्यांमागील कारण समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. या संशोधनात 'बचाव करण्यात आलेले अपयश' ही एक संकल्पना वारंवार येते. रुग्णास गुंतागुंत होणे नेहमीच टाळता येत नाही. परंतु ती वेळीच लक्षात आली तर रुग्ण वाचू शकतो. वेळीच लक्षात येणे हे सर्वस्वी देखरेखीवर अवलंबून असते. दुसरी संकल्पना 'राहून गेलेली शुश्रूषा' ही होय. कामाचा ताण वाढला की परिचारिका सर्वच कामे थोडी थोडी कमी करीत नाही. इंजेक्शन व सलाईन यांसारखी लेखी आदेशाची कामे ती पूर्ण करते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणे, त्याला पाणी पाजणे, लघवीचे प्रमाण पाहणे, नातेवाइकांना समजावून सांगणे ही कामे मात्र राहून जातात. पाठीवरील जखमा, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि न्यूमोनिया यांचा उगम पुष्कळदा अशा राहून गेलेल्या कामांत असतो.

खानदेशातील वाचकांच्या परिचयाची तीन उदाहरणे येथे घेता येतील. पहिले सर्पदंशाचे. पावसाळ्यात सातमाळा डोंगराच्या पायथ्याच्या गावांतून सर्पदंशाचे रुग्ण रात्री-अपरात्री येतात. दंश विषारी आहे किंवा नाही हे पहिल्या तपासणीत सांगता येतेच असे नाही. त्यासाठी रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी पहिल्या काही तासांत पुनःपुन्हा करावी लागते आणि पापण्या जड होतात काय, श्वास उथळ होतो काय हे सतत पाहावे लागते. दुसरे उदाहरण कीटकनाशकाच्या विषबाधेचे. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीच्या हंगामात असे रुग्ण येतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातील विषबाधेत अ‍ॅट्रोपीनची मात्रा रुग्णाची स्थिती पाहून सुरुवातीस दर काही मिनिटांनी वाढवावी लागते. ती कमी पडली तरी धोका आणि अधिक झाली तरी धोका. तिसरे उदाहरण प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी मातेची नाडी, रक्तदाब, रक्तस्राव व गर्भाशयाचा कठीणपणा तपासणे अपेक्षित आहे.

तिन्ही उदाहरणांत औषध महाग नाही आणि यंत्रसामग्रीही फारशी लागत नाही. लागतो तो एका प्रशिक्षित व्यक्तीचा अखंड वेळ. हे तीनही रुग्ण एकाच रात्री आले आणि रुग्णालयात एकच परिचारिका असली, तर ती कितीही कर्तव्यदक्ष असली तरी दर पंधरा मिनिटांनी तिन्ही ठिकाणी पोहोचू शकणार नाही.

महाराष्ट्रातील काही घटना

जून २०२० मध्ये, कोरोना साथीच्या पहिल्या लाटेत, जळगावच्या शासकीय रुग्णालयात घडलेली घटना खानदेशवासीयांच्या स्मरणात आहे. बेपत्ता असल्याचे सांगण्यात आलेल्या एका वृद्ध महिला रुग्णाचा मृतदेह सुमारे आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या शौचालयात आढळून आला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. ही घटना केवळ परिचारिकांच्या कमतरतेने घडली असे म्हणणे योग्य होणार नाही. साथीची भीती, नव्या कक्षांची घाई, स्वच्छता व्यवस्थेतील त्रुटी असे अनेक घटक त्यात होते. परंतु एक बाब विचारात घेण्यासारखी आहे. परिचर्येच्या पद्धतीनुसार प्रत्येक पाळीच्या अखेरीस रुग्णांची खाटनिहाय मोजणी करून पुढील पाळीस ताबा द्यावयाचा असतो. आठ दिवसांत असे चोवीस ताबे होतात. चोवीस ताब्यांत एक माणूस सापडत नाही, तेव्हा ती चूक एका व्यक्तीची राहत नाही. मोजणी करण्यास आणि शोध घेण्यास जे हात व जो वेळ लागतो तो त्या व्यवस्थेत शिल्लकच नव्हता, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके मृत्युमुखी पडली. सात बालकांना वाचविण्यात आले. आगीचे कारण विद्युत बिघाड हे होते, परिचारिकांची संख्या हे नव्हे. मात्र त्या कक्षात सतत कोणी हजर होते काय, हा प्रश्न चौकशीच्या केंद्रस्थानी आला. कारवाई झालेल्यांमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांपासून कक्षातील परिचारिकांपर्यंतचा समावेश होता.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत बारा नवजात बालके होती. पुढील दिवसाअखेर ही संख्या ३१ झाली. नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात २४ खाटांवर साठहून अधिक बालके होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदे व आरोग्यावरील आर्थिक तरतूद यांविषयी शासनाकडे विचारणा केली. यातील पुष्कळ रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत आले होते, हेही नमूद केले पाहिजे. तरीसुद्धा खाटांच्या अडीचपट बालके दाखल असताना परिचारिकांचे मंजूर प्रमाण कागदोपत्री पाळले गेले तरी प्रत्यक्षात ते अडीचपटीने बिघडलेले असते. प्रमाण खाटांशी जोडलेले आहे. खाटेवर एक बालक असो वा तीन, परिचारिका तीच राहते.

या तिन्ही घटनांत एक साम्य आहे. संख्याबळ किती असावे हा निर्णय मंत्रालयात, वित्त विभागात व भरतीच्या फायलींवर होतो. दुर्घटनेचे उत्तर मात्र त्या रात्री हजर असलेल्या व्यक्तीस द्यावे लागते. कर्तव्यात कसूर झाली असेल तर जबाबदारी निश्चित झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु त्या पाळीत किती रुग्ण होते आणि किती परिचारिका होत्या, हा पहिला प्रश्न प्रत्येक चौकशी अहवालात असला पाहिजे.

खर्चाचा प्रश्न : रिक्त पद ही बचत आहे काय?

रिक्त पद भरले नाही तर वेतनावरील खर्च वाचतो, असा समज प्रशासनात व काही प्रमाणात खाजगी रुग्णालयांतही आढळतो. अर्थशास्त्रीय दृष्टीने पाहता ही बचत नसून खर्चाचे स्थलांतर आहे. वेतनाच्या शीर्षाखाली दिसणारा खर्च तेथून नाहीसा होतो आणि पुढील चार ठिकाणी प्रकट होतो.

पहिले ठिकाण म्हणजे रुग्णालयातील वाढलेला मुक्काम. जंतुसंसर्ग किंवा पाठीवरील जखम झालेला रुग्ण अधिक दिवस राहतो, महागडी प्रतिजैविके घेतो आणि दुसऱ्या रुग्णाची खाट अडवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी पंधरा जणांना रुग्णालयातच जंतुसंसर्ग होतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण सात आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे पुढील रुग्णालयात पाठवणी. रात्री देखरेख ठेवण्यास मनुष्यबळ नसेल तर डॉक्टर रुग्णास पुढे पाठविणेच सुरक्षित मानतात. चाळीसगावच्या रुग्णास धुळे साठ किलोमीटरच्या आत आहे. जळगाव नव्वद ते शंभर किलोमीटरवर आहे. आणि छत्रपती संभाजीनगरला जावयाचे तर कन्नडचा घाट ओलांडावा लागतो. शासकीय रुग्णवाहिका विनामूल्य असली तरी सोबत जाणाऱ्यांचा प्रवास, जेवण व मुक्काम विनामूल्य नसतो. पुष्कळ कुटुंबे वाटेतच खाजगी रुग्णालयाचा निर्णय घेतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भागात प्रसूती वगळता एका वेळच्या दाखल उपचारासाठी शासकीय रुग्णालयात सरासरी ४,२९० रुपये, तर खाजगी रुग्णालयात २७,३४७ रुपये खर्च होत होता. ही तफावत सहापटीहून अधिक आहे. ज्या रुग्णास केवळ देखरेखीअभावी शासकीय रुग्णालय सोडावे लागते, त्याच्या कुटुंबावर हा फरक एखाद्या करासारखा पडतो.

तिसरे ठिकाण म्हणजे नातेवाइकांचा वेळ. आपल्याकडे रुग्णासोबत एक-दोन नातेवाईक असणे गृहीतच धरलेले असते. सलाईन संपत आली की सिस्टरना हाक मारणे, रुग्णास शौचालयात नेणे, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचविणे, रात्री जागून श्वासाकडे लक्ष ठेवणे ही कामे ते करतात. प्रस्तुत लेखकाने आपल्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एका रुग्णालयात अशा चार रात्री काढल्या आहेत. दोन कक्षांना मिळून एकच परिचारिका होती. शेजारच्या खाटेवरील वृद्धास धाप लागल्याचे प्रथम त्याच्या बारा-तेरा वर्षांच्या नातवाच्या लक्षात आले. त्या मुलाने धावत जाऊन सिस्टरना बोलावले व पुढील उपचार वेळेत झाले. त्या रात्री त्या कक्षातील देखरेखीचे काम एक शाळकरी मुलगा करीत होता, हे विसरता येत नाही. या वेळेचे मूल्यही काढता येते. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा दैनंदिन मजुरी दर २९७ रुपये होता. दोन नातेवाइकांचे पाच दिवस धरले तर २,९७० रुपयांची मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर याहून अधिक. हा आकडा कोणत्याही रुग्णालयाच्या ताळेबंदात दिसत नाही.

चौथे ठिकाण म्हणजे खुद्द परिचारिका. पेनसिल्व्हेनियाच्या उपरोक्त अभ्यासात प्रत्येक वाढीव रुग्णामागे परिचारिकांमधील मानसिक थकव्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते. थकलेली परिचारिका नोकरी सोडते, बदली मागते किंवा परदेशी जाते. तिच्या जागी येणाऱ्या नवीन व्यक्तीस कक्षाची माहिती होईपर्यंतचा काळ हाही खर्चच होय.

उलट बाजूने, संख्याबळ वाढविल्यास खर्च भरून निघतो काय? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने १ जुलै २०१६ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत दिवसा चार रुग्णांमागे एक व रात्री सात रुग्णांमागे एक असे किमान प्रमाण लागू केले. त्यापैकी २७ रुग्णालयांची तुलना इतर २८ रुग्णालयांशी करणारा अभ्यास २०२१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रमाण लागू झालेल्या रुग्णालयांत मृत्यू, पुन्हा दाखल होणे व मुक्कामाचे दिवस या तिन्ही बाबतींत अनुकूल बदल झाला, आणि टळलेला खर्च वाढीव परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून असे प्रमाण अमलात आणले आहे.

आपल्याकडे एका नव्या कारणाने हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे जिल्हा होता. २०१७ मध्ये तिचे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामांतर झाले. या योजनेत प्रत्येक उपचारास ठरावीक रक्कम मिळते. मुक्काम लांबला, जंतुसंसर्ग झाला तर वाढीव खर्च रुग्णालयासच सोसावा लागतो. त्यामुळे पुरेशा परिचारिका ठेवणे हे आता खाजगी रुग्णालयाच्याही आर्थिक हिताचे आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, उपरोक्त अभ्यासांपैकी बहुतेक सहसंबंध दाखवितात, कार्यकारणभाव नव्हे. चांगल्या रुग्णालयांत परिचारिकाही अधिक असतात आणि इतर सोयीही. हा आक्षेप योग्य आहे. म्हणूनच एकाच रुग्णालयातील पाळ्यांची तुलना करणारा २०११ चा अभ्यास आणि बदलापूर्वी व बदलानंतर मोजमाप करणारा क्वीन्सलँडचा अभ्यास यांना अधिक महत्त्व दिले पाहिजे. दुसरा आक्षेप असा की, परदेशातील प्रमाण आपणास परवडणारे नाही. ते जसेच्या तसे स्वीकारावे असे येथे सुचवावयाचे नाही; आपण स्वतः मंजूर केलेली पदे भरणे हा त्याआधीचा टप्पा आहे. तिसरा आक्षेप सर्वांत विचार करण्याजोगा आहे : केवळ संख्या वाढवून भागत नाही. परिचारिकेचा बराच वेळ नोंदवह्या, औषधसाठ्याचा हिशेब व संगणकीय माहिती भरणे यांत जातो. अधिपरिचारिकेस भांडारपालाच्या व लिपिकाच्या कामातून मोकळे केल्यास एकही नवे पद निर्माण न करता रुग्णाजवळचा वेळ वाढू शकतो.

सेवाशर्तींचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली होती. मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधात संप केला. अनुभवी परिचारिका टिकून राहणे हाही रुग्णसुरक्षेचाच भाग आहे, हे या निमित्ताने लक्षात घ्यावयास हवे.

उपाययोजना

१) प्रत्येक कक्षाच्या दर्शनी फलकावर त्या पाळीतील रुग्णांची व परिचारिकांची संख्या लिहावी. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत मिड स्टॅफर्डशायर प्रकरणाच्या २०१३ मधील चौकशी अहवालानंतर अशी माहिती जाहीर करण्याची पद्धत सुरू झाली. यास खडू व फळा याखेरीज खर्च नाही.

२) पदमंजुरी करताना खाटांबरोबरच प्रत्यक्ष दाखल रुग्णसंख्या विचारात घ्यावी.

३) रात्रपाळीसाठी किमान दोन परिचारिकांचा दंडक असावा. त्याखाली संख्या गेल्यास वरिष्ठ कार्यालयास त्याच रात्री लेखी कळविले जावे.

४) प्रसूती रजा व दीर्घ रजेच्या काळासाठी जिल्हा स्तरावर राखीव परिचारिकांची यादी तयार ठेवावी.

५) प्रत्येक मृत्यूच्या व दुर्घटनेच्या चौकशीत त्या पाळीचे संख्याबळ नोंदविणे बंधनकारक करावे.

६) शासकीय रुग्णालयांतील रुग्ण कल्याण समित्यांच्या बैठकीत रिक्त पदांचा आढावा हा कायम विषय असावा. महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र, समाजशास्त्र व संख्याशास्त्र विभागांनी माहितीच्या अधिकारात मंजूर व भरलेल्या पदांची तालुकानिहाय माहिती मिळवून ती प्रसिद्ध केल्यास या चर्चेस भक्कम आधार मिळेल. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी याहून उपयुक्त विषय क्वचितच सापडेल.

निष्कर्ष

परिचारिकांचे संख्याबळ हा केवळ आस्थापनेचा प्रश्न नसून रुग्णसुरक्षेचा मूलभूत घटक आहे. कमतरतेचा भार सर्वाधिक प्रमाणात रात्रपाळीवर, नवजात बालकांवर, प्रसूत मातांवर आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांवर पडतो. रिक्त पदामुळे खर्च वाचत नाही. तो शासनाच्या वेतन शीर्षातून रुग्णाच्या कुटुंबाच्या खिशाकडे सरकतो. खानदेशासारख्या कोरडवाहू शेतीवर व मजुरीवर अवलंबून असलेल्या प्रदेशात हे ओझे पेलण्याची शक्ती सर्वांत कमी असलेल्या घरांनाच ते उचलावे लागते.

तालुक्याच्या रुग्णालयात आणखी किती खाटा वाढणार, असा प्रश्न आपण लोकप्रतिनिधींना नेहमी विचारतो. त्याच्या जोडीने आज रात्री त्या खाटांजवळ किती परिचारिका असतील, हाही प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. त्याचे उत्तर प्रत्येक पाळीस फलकावर लिहिले जाऊ लागले, तरी सुधारणेची सुरुवात झाली असे म्हणता येईल.